पडदा काळा, पण कॉम्प्युटर जिवंत: लिनक्सच्या कन्सोलवरचे बिघाड कसे ओळखायचे

आमच्याकडे शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायतीची कार्यालयं यांत जुने डेस्कटॉप अजून कामात आहेत. त्यातले बरेच लिनक्सवर चालतात. कुठे उबुंटू, कुठे डेबियन, कुठे सी-डॅकचं बॉस. रात्रभर लाइट नसते, सकाळी सीपीयू चालू करावा तर पडदा काळा. किंवा अपडेट होऊन मशीन बंद होते आणि पुन्हा सुरू केल्यावर नेहमीचं रंगीत चित्र येतच नाही, नुसत्या पांढऱ्या ओळी येऊन थांबतात. लगेच निष्कर्ष निघतो, ‘हार्ड डिस्क उडाली.’ मग सीपीयू ऑटोत घालून तालुक्याला जातो आणि फॉरमॅट होऊन परत येतो. मशीन चालू झालेली असते, पण वाचनालयाचं पुस्तकांचं रजिस्टर आणि मुलांनी वर्षभर केलेलं काम गेलेलं असतं.

याचं मला फार वाईट वाटतं, कारण अशा बहुतेक वेळी डिस्कला काहीही झालेलं नसतं. बिघाड असतो तो पडद्यापर्यंत अक्षरं पोहोचण्यात. तो गावातच, त्याच कीबोर्डवरून सुटू शकतो.

यासाठी कुणाचा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे.

“ताई, शेवटचं काय दिसलं?”

“कंपनीचं नाव आलं सर. मंग दोन-चार ओळी सरकल्या, अन् आता काहीच नाही दिसून राह्यलं.”

या एका उत्तरात अर्धं निदान होतं. का, ते सांगतो.

मशीन चालू केल्यापासून लॉगिन येईपर्यंत पडद्यावर एकच कुणी लिहीत नसतं. आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर लिहितं, म्हणजे आपण ज्याला बायोस म्हणतो ते. कंपनीचं चिन्ह त्याचंच. मग ग्रब येतो, म्हणजे कुठली सिस्टीम सुरू करायची हे विचारणारा मेनू. ग्रबकडून सूत्रं लिनक्सच्या गाभ्याकडे, कर्नलकडे जातात, आणि भराभर सरकणाऱ्या पांढऱ्या ओळी कर्नलच्या असतात. सगळ्यात शेवटी रंगीत लॉगिन दाखवणारा प्रोग्राम. जिथवर दिसलं तिथवरचे सगळे ठीक आहेत. केबल ठीक, मॉनिटर ठीक, रॅम ठीक. जिथे दिसेनासं झालं, तिथे ज्याच्या हाती सूत्रं आली त्याच्याकडे बघायचं.

कन्सोल म्हणजे माउस आणि खिडक्यांच्या खाली असलेला लिनक्सचा मूळ अक्षरी पडदा. रंगीत लॉगिन बंद पडलं तरी तो बहुधा चालू असतो. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकदम दाबा. लॅपटॉपवर काही वेळा सोबत एफएन दाबावं लागतं. काळ्या पडद्यावर ‘लॉगिन’ असं विचारलं गेलं तर तुमची मशीन शाबूत आहे. नाव टाका, पासवर्ड टाका. पासवर्ड टाकताना ठिपकेही उमटत नाहीत, त्यामुळे कीबोर्ड बंद पडला असं समजू नका. रंगीत पडद्यावर परत जायला आल्टसोबत एफ१, एफ२ किंवा एफ७ दाबून पाहा, प्रत्येक सिस्टीमची जागा वेगळी असते.

पुढे ज्या आज्ञा येतील त्या मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या इंग्रजीतच टाकायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तर लहान लिपीत.

कंपनीचं चिन्हही येत नाही तेव्हा

मग लिनक्सला दोष देऊ नका. त्याची पाळीच आलेली नाही. मॉनिटरची स्वतःची लाइट बघा, केबल दोन्हीकडून काढून पुन्हा घट्ट बसवा. सीपीयूमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मागे दोन ठिकाणी व्हीजीएची जागा असते, त्यातल्या कार्डाच्या जागेत केबल लावा. बीपचा आवाज येत असेल तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसतात, तो उपाय बऱ्याचदा चालतो. कापसाच्या दिवसांत सीपीयूत तंतू आणि धूळ बसते आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पंखा साफ असणं फार गरजेचं. कूलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर नको. कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं, शिवाय कूलरची ओली हवा थेट सीपीयूवर आली तर सगळ्याच जोडांना गंज धरतो.

व्हीजीए केबलची एक खूण मला फार उपयोगी वाटते. कन्सोलवरची अक्षरं पांढरी असतात, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग सारखे. केबलच्या तोंडावर वरच्या ओळीतल्या पहिल्या तीन पिना याच तीन रंगांच्या, याच क्रमाने. पांढरी अक्षरं पिवळी दिसू लागली तर निळा पोहोचत नाही. आकाशी दिसली तर लाल गेला. गुलाबी-जांभळी झाली तर हिरवा गेला. केबल काढून उजेडात धरा, ती पिन वाकलेली किंवा आत गेलेली सापडेल. मधल्या ओळीतली चौथी पिन मात्र पुष्कळ केबलींत मुळातच नसते, ती तुटली म्हणून नवी केबल आणू नका.

ग्रबपर्यंत सगळं दिसतं, मग अंधार

हा सगळ्यात जास्त येणारा प्रकार, म्हणून इथे जरा थांबू.

१९८७ साली आयबीएमने व्हीजीए आणलं, तेव्हा अक्षरी पडदा म्हणजे गणिताच्या चौकटीच्या वहीचं पान होतं: आडव्या ८० चौकटी, उभ्या २५. प्रत्येक चौकटीला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. अख्खा पडदा ४,००० बाइटांत मावायचा. कर्नलने फक्त ‘या चौकटीत अमुक अक्षर’ एवढं लिहायचं, अक्षराचा आकार काढण्याचं काम कार्डाचं. यात बिघडायला फारसं काही नव्हतंच.

आता तसं नाही. २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या आवृत्तीपासून कर्नलने पडद्याचं रिझोल्यूशन स्वतः ठरवायला सुरुवात केली, आधी इंटेलच्या चिपांसाठी आणि मग इतरांसाठी. प्रत्येक अक्षर तो ठिपक्याठिपक्याने स्वतः रंगवतो. त्यासाठी त्याला तुमच्या ग्राफिक्स चिपचा नेमका ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, लागतो. इंटेलला आय९१५, एनव्हिडियाला बहुधा नूव्हो, एएमडीला रेडिऑन किंवा एएमडीजीपीयू. सुरुवातीच्या ओळी फर्मवेअरने लावून दिलेल्या साध्या पद्धतीत उमटतात. मग हा ड्रायव्हर ताबा घेतो आणि पडदा नव्या रिझोल्यूशनवर जातो. दोन-चार ओळी सरकून अंधार झाला तर तो नेमका याच क्षणी झालेला असतो. सिस्टीम पुढे चालूच असते, आपल्याला दिसत नाही इतकंच.

तेव्हा कर्नलला सांगायचं की तुझा ड्रायव्हर सध्या बाजूला ठेव. मशीन पुन्हा सुरू करा. ग्रबचा मेनू आपोआप येत नसेल तर जुन्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा, नव्या यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) मशीनवर एस्केप एकदा-दोनदा टिचकवा. मेनूत पहिल्या ओळीवर असताना ई दाबा. एक संपादनाचा पडदा उघडेल. त्यात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा. तिच्या शेवटाकडे ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द असतात. ते खोडून टाका, कारण तेच कर्नलचं बोलणं आपल्यापासून झाकून ठेवतात. त्यांच्या जागी नोमोडसेट लिहा: एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी, मध्ये कुठेही जागा न सोडता. मग कंट्रोल आणि एक्स, किंवा एफ१०.

अक्षरं दिसू लागली तर दोष ड्रायव्हरचा, हे नक्की झालं. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, मशीन पुन्हा सुरू केली की ओळ पूर्ववत. त्यामुळे करून पाहायला भ्यायचं कारण नाही.

मात्र नोमोडसेट कायमचा ठेवू नका. तो लावला की पडदा संथ होतो आणि मॉनिटरचं खरं रिझोल्यूशन मिळेलच असं नाही. त्याने फक्त आत शिरायची वाट मिळते. आत शिरल्यावर खरं कारण शोधायचं. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ग्रबच्या मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आहे, तिथे जुना कर्नल अजून ठेवलेला असतो. तो निवडा. जुन्याने चाललं तर तूर्त त्यावरच काम करा, पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती येण्याची शक्यता चांगली असते. एएमडीच्या कार्डावर आणखी एक कारण भेटतं, कार्डाच्या स्वतःच्या फर्मवेअरच्या फाइली नसणं. डेबियनच्या १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, त्या इन्स्टॉलरसोबतच येतात. त्याआधीच्या डेबियनमध्ये ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ हे पॅकेज वेगळं टाकावं लागायचं, आणि जिथे ते राहून गेलं तिथे ड्रायव्हर अर्ध्यातच थांबतो.

मॉनिटर म्हणतो ‘आउट ऑफ रेंज’

इथे मॉनिटर आणि कर्नल यांच्यात बोलणंच झालेलं नाही. प्रत्येक मॉनिटरमध्ये एक छोटी चिप असते. तिच्यात त्या मॉनिटरची माहिती असते, कुठली रिझोल्यूशन चालतात, किती वेगाने. या माहितीला ईडीआयडी म्हणतात, आणि तिचा मूळ भाग फक्त १२८ बाइटांचा. व्हीजीए केबलीत ही माहिती १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येते. स्वस्तातल्या लांब केबलीत या दोन तारा कधी नसतातच, आणि एचडीएमआयचं व्हीजीए करणारे छोटे कन्व्हर्टरही कधी ती माहिती पुढे पोहोचवत नाहीत. मग कर्नल अंदाजाने बहुधा १०२४ बाय ७६८ लावतो. कन्व्हर्टरने भलतीच माहिती दिली तर मॉनिटरला न झेपणारं काहीतरी लावतो.

केबल बदलून पाहणं हा पहिला उपाय. तो जमत नसेल तर मघाच्याच ग्रबच्या ओळीत, शेवटी, कर्नलला स्पष्ट सांगा: व्हिडिओ=व्हीजीए-१:१०२४एक्स७६८@६०. इथे व्हीजीए मोठ्या लिपीत, बाकी लहान, आणि मध्ये कुठेही जागा नाही. आकडे अर्थातच इंग्रजी.

हीच आज्ञा उलट्या कामालाही येते. पडदा फुटलेला लॅपटॉप टीव्हीला जोडून वापरणारे बरेच जण आहेत. कर्नलला तो फुटलेला पडदाही जोडलेलाच दिसतो आणि कन्सोलची मापं त्याच्या हिशेबाने ठरतात. तिथे लॅपटॉपच्या पडद्याचं नाव देऊन पुढे अपूर्णविराम आणि डी लावला की कर्नल तो पडदा सोडून देतो. जुन्या लॅपटॉपात हे नाव एलव्हीडीएस-१, नव्यात ईडीपी-१ असतं.

टीव्हीवर कन्सोलच्या कडेची अक्षरं कापली जात असतील तर कर्नलला काहीच करायचं नाही. टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा लपवतो. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ असं काहीतरी सापडेल, ते चालू करा.

मशीन खरंच अडकली आहे का?

पडदा काळा असताना कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरची लाइट लागते-विझते आहे? मग कर्नल जागा आहे, फक्त पडदा गेला आहे. अशा वेळी बटण दाबून धरून सीपीयू बंद करू नका. आल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरा आणि सावकाश, दोन-तीन सेकंदांच्या अंतराने, एस, यू, बी दाबा. एसने राहिलेलं लिखाण डिस्कवर उतरतं, यूने डिस्क सुरक्षित होते, बीने मशीन पुन्हा सुरू होते. उबुंटूवर हे तिन्ही आधीपासून चालू असतात.

मशीन ठीक चालू आहे तेव्हाच ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ हे पॅकेज टाकून ठेवा. मग पडदा गेला तरी त्याच वायफायवरच्या मोबाइलमधून, टर्मक्ससारखं अ‍ॅप वापरून, आत शिरता येतं. हे मी प्रत्येक शाळेत आग्रहाने करून घेतो.

कधी कन्सोल दिसतो, पण टाकलेलं काहीच उमटत नाही. बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातून कंट्रोल आणि एस दाबलं गेलेलं असतं. त्याने पडद्यावर लिहिणं थांबतं. कंट्रोल आणि क्यू दाबा, थांबलेलं सगळं एकदम उमटेल. काही वेळाने आपोआप काळा होणारा पडदा हाही बिघाड नाही. जुन्या कर्नलमध्ये दहा मिनिटं कुणी कळ दाबली नाही तर कन्सोल झोपायचा. कुठलीही कळ दाबा. ते कायमचं बंद करायचं तर ग्रबच्या ओळीत कन्सोलब्लँक=० लिहा.

बारीक अक्षरं, कचरा आणि चौकोन

१९२० बाय १०८० च्या पडद्यावर नेहमीच्या ८ बाय १६ ठिपक्यांच्या अक्षरात एका ओळीत २४० अक्षरं बसतात, आणि अशा ६७ ओळी. वाचायला त्रास होणारच, वयस्कर माणसांना तर जास्तच. डेबियन आणि उबुंटूवर सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर कन्सोल-सेटअप ही आज्ञा द्या. एकेक प्रश्न येत जाईल. फॉन्ट विचारला की टर्मिनस, आणि माप १६ बाय ३२. अक्षरं दुप्पट होतात.

पडद्यावर अचानक चित्रविचित्र खुणा उमटू लागल्या तर बहुतेक कुणीतरी फोटो किंवा प्रोग्रामची फाइल कॅट या, फाइल पडद्यावर दाखवणाऱ्या, आज्ञेने उघडलेली असते. त्या फाइलीतले काही बाइट कन्सोलला आज्ञा वाटतात आणि तो आपल्याच सेटिंगा बदलून बसतो. न दिसणाऱ्या अक्षरांतच रीसेट टाकून एंटर दाबा. एंटर ऐकत नसेल तर कंट्रोल आणि जे दाबा, मग स्टीटीवाय सेन (एस-टी-टी-वाय, जागा सोडून एस-ए-एन-ई), पुन्हा कंट्रोल आणि जे, आणि मग रीसेट.

आता मराठीचा प्रश्न. फाइलीचं नाव ‘शिक्षक’ ठेवलं, रंगीत पडद्यावर ते सुंदर दिसलं, आणि कन्सोलवर त्याच्या जागी चौकोन. फाइल खराब झालेली नाही. कर्नलच्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात, आणि तो एकेक आकार एकेका चौकटीत ठेवतो. ‘शिक्षक’ मध्ये कॉम्प्युटरच्या लेखी सहा खुणा आहेत: श, वेलांटी, क, हलन्त, ष, क. वेलांटी श नंतर साठवलेली असते पण दाखवायची आधी, आणि क, हलन्त, ष मिळून एक ‘क्ष’ घडवायचा असतो. ही मांडणी करणारी यंत्रणा रंगीत पडद्यामागे आहे, कन्सोलमध्ये नाही. म्हणून तिथे फाइल उचलायची तर टॅब किंवा तारांकन वापरा, नाव पुन्हा टाइप करायची गरज नाही. आणि सिस्टीमची भाषाच मराठी असेल तर सूचनाही चौकोनांत येतात. त्या वेळेपुरतं एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी असं टाका, त्यातला ‘एक्सपोर्ट’ शब्द सोडून बाकी मोठ्या लिपीत. सूचना इंग्रजीत येतील, पण वाचता तरी येतील. आपली भाषा या पडद्यावर दिसत नाही याची मला खंत आहे, पण तोवर काम अडू देऊ नये.

पडदा ठीक आहे, तो काही सांगतोय

लाइट अचानक गेल्यानंतर आमच्याकडे हे वारंवार होतं. पडद्यावर कंसात ‘इनिट-रॅम-एफएस’ असं येऊन मशीन थांबते. हा पडद्याचा बिघाड नाही. डिस्कवरची नोंद अर्धवट राहिली आणि ती तपासायला तुमची परवानगी हवी आहे. वरच्या ओळींत डिस्कच्या भागाचं नाव दिलेलं असतं, उदाहरणार्थ डेव्ह/एसडीए१, त्याच्या आधी तिरपी रेघ. एफएससीके -वाय आणि मग तेच नाव टाका. तपासणी संपली की एक्झिट. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र हे करू नका. आधी डेटा दुसरीकडे काढून घेणं महत्त्वाचं.

रंगीत लॉगिन येत नाही पण कन्सोल येतो, तेव्हा डीएफ -एच टाकून पाहा. मूळ डिस्क १०० टक्के भरलेली दिसली तर कारण तेच. सुडो एपीटी क्लीन केल्याने बरीच जागा मोकळी होते.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तर नोमोडसेटने आत शिरून सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१ ही आज्ञा द्या. आधीच्या, फसलेल्या वेळेची कर्नलची नोंद उघडेल. त्यात डीआरएम, आय९१५, नूव्हो, एएमडीजीपीयू किंवा फर्मवेअर हे शब्द असलेल्या ओळी शोधा आणि मोबाइलने त्यांचे फोटो काढा. ज्याला मदत मागायची त्याला ते पाठवा आणि सोबत कळवा: शेवटचं काय दिसलं, कॅप्स लॉकची लाइट लागते का, केबल कुठली आहे, त्याआधी लाइट गेली होती की अपडेट झालं होतं. आणि ग्रबच्या ओळीतला, नोमोडसेट सोडून, जो बदल लागू पडला, तो ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरातल्या ग्रब या फाइलीत लिहून सुडो अपडेट-ग्रब करा. तोच बदल कागदावर लिहून सीपीयूला चिकटवून ठेवा, म्हणजे पुढच्या गुरुजींना पुन्हा शोधावा लागणार नाही.